जुन्या वस्तू, घरची कामं : वाचकांचे प्रश्न

सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून जुन्या सामानातून काही घडवायला घेतलं आणि काम मध्येच अडलं, अशा वाचकांची पत्रं या वेळी निवडली आहेत. बहुतेकांनी लिहिलंय, की सांगितलेली कृती नीट पाळली, तरी वस्तू बिघडली. ती कृती बहुधा नव्या सामानासाठी लिहिलेली असते. जुनी साडी विरलेली असते, जुन्या माठाची भोकं क्षारांनी बुजलेली असतात, पत्रिकेवर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. म्हणून उत्तरांत आधी सामानाची पारख आणि मग काम, असा क्रम ठेवला आहे.

सासूबाईंच्या सहा सुती साड्या ठेवलेल्या आहेत, त्यांत दोन नऊवारी. त्यांतली एक सहावारी घेऊन नातवासाठी गोधडी शिवायला घेतली. कडेने आत असं गोल-गोल शिवत आले. निम्मी झाल्यावर मध्ये मोठा फुगा आला, आणि एका बाजूला वरची साडी टाक्यांच्या रेघेवरच फाटायला लागली. उसवू का? — एक वाचक, मिरज

उसवावी लागेल, पण साडी वाया जाणार नाही. तुमच्या गोधडीत दोन दोष आहेत आणि त्यांची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी फाटण्याचं पाहू. जुन्या साडीचा कस सगळीकडे सारखा नसतो. बसण्याच्या जागी आणि पायाशी घासणाऱ्या काठाजवळ ती विरते, पदर मात्र बराच टिकतो. साडी खिडकीच्या उजेडासमोर धरा. विरलेला भाग जाळीसारखा दिसेल. मग वीतभर अंतरावर दोन्ही मुठींत धरून कापड उभं ओढा, आडवं ओढा. धागे सरकले किंवा ‘चर्र’ झालं, तर तो भाग मधल्या थरात घालायचा. वरच्या आणि खालच्या थराला कस असलेलं कापडच हवं. आता दोरा बघा. पॉलिस्टरचा असेल तर फाटण्याचं कारण तोच आहे. तो गुळगुळीत आणि चिवट असतो, मऊ झालेल्या सुताला करवतीसारखा कापत जातो. दोरा नेहमी कापडापेक्षा जरा नाजूक असावा. ताण आला तर तुटायचा तो दोरा तुटू दे, टाका परत घालता येतो. जाड सुती दोरा आणा. सुई लांब आणि मोठ्या नाकाची घ्या, पण दाभण नको, त्याने पडलेली भोकं मिटत नाहीत.

फुगा आला तो थर एकमेकांना न टाचल्यामुळे. धावदोऱ्याची प्रत्येक ओळ वरचं कापड केसभर पुढे ढकलते. कडेने आत येताना ते सगळं कापड मध्यभागी गोळा होतं आणि तिथून त्याला बाहेर पडायला वाट नसते. गोल-गोल शिवण्यात चूक काही नाही, आपल्याकडे कितीतरी गोधड्या तशाच शिवल्या जातात. फक्त आधी टाचण हवं. सतरंजीवर नको, फरशीवर पसरा, नाहीतर सतरंजीही शिवली जाते. एकेक थर हाताने मधून कडेकडे साफ करत पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा, आणि वितभर अंतराने मोठे-मोठे कच्चे टाके घाला. हे टाके मधून सुरू करून बाहेर न्यायचे. पक्की शिवण मग कुठूनही सुरू केलीत तरी चालेल. गोधडी पूर्ण झाल्यावर कच्चे टाके ओढून काढायचे.

मापाचा हिशेब असा. सव्वापाच मीटरची सहावारी म्हणजे साधारण सतरा फूट. तिचे सव्वाचार फुटांचे चार तुकडे होतात, म्हणजे एका साडीत लहान मुलाची चारपदरी गोधडी. वरचा आणि खालचा तुकडा चारही बाजूंनी इंचभर आत दुमडायचा, मधले दोन तेवढेच आखूड कापायचे, म्हणजे कडा जाड होत नाही. दोन सेंटिमीटर अंतराने ओळी घातल्या तर साधारण पंचावन्न ओळी, प्रत्येक सव्वा मीटरची. शिवण ६५-७० मीटर होते. दोरा शंभर मीटर धरा. नऊवारीच्या पावणेसात फुटांच्या चार तुकड्यांपैकी दोन-दोन लांबीत जोडले, की साडेसात फूट रुंदीचे दोन थर मिळतात, म्हणजे मोठ्या गोधडीची वरची आणि खालची बाजू एकाच नऊवारीत. मध्ये इतर साड्या घाला. थंडीसाठी सहा थर पुरे. आठाच्या पुढे गेलात तर हाताने सुई निघत नाही आणि धुतल्यावर आतला थर वाळत नाही.

लावायला घेण्याआधी सगळ्या साड्या धुवा. ज्यांच्या रंगाची शंका आहे, त्यांचा कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल ठेवा आणि गरम इस्त्री दहा सेकंद दाबा. रुमालाला रंग लागला तर ती साडी पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळी धुवायची. मिठाच्या पाण्यात भिजवण्याचा सल्ला सर्रास देतात, पण बाजारातून रंगून आलेल्या कापडाचा रंग त्याने पक्का होत नाही. सैल रंग धुऊन काढणं एवढाच उपाय आहे. सिंथेटिक साडी मध्ये घालू नका. सुती थर धुतल्यावर आटतो, ती आटत नाही, आणि गोधडीला सुरकुत्या पडतात.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना धावदोरा चांगला जमतो. मधल्या ओळी त्यांना द्या, कडा मोठ्यांनी शिवा. मुलांचे टाके थोडे वाकडे आले तर उसवू नका. धा-बारा वर्षांनी तेच टाके बोट ठेवून दाखवले जातात.

आजीची पैठणी घडीवर फाटली आहे. तिच्या उशा कराव्यात असं घरात चाललंय. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उशांना नको. रेशीम एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिलं की घडीच्या रेघेवर तुटतं, आणि उशीवर रोजचा घासटा आला की उरलेलंही जाईल. पदर आणि काठ शाबूत असतील तर तेवढेच काळजीने सोडवून, धुतलेल्या बिनखळीच्या सुती कापडावर हाताने टाचून घ्या. टाके जरीत नको, रेशमात घाला. याची भिंतीवर लावायची पट्टी होईल, थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर मात्र लावू नका. जर जुनी खरी असेल तर तिच्यात चांदी आहे. कात्री लावण्याआधी जाणकाराला दाखवा. भांडी घेऊन साड्या नेणाऱ्यांच्या हातात ती जाऊ देऊ नका.

वर्तमानपत्रांचा लगदा आणि मेथी यांची टोपली केली. पातेलं उपडं ठेवून त्यावर लगदा थापला. तिसऱ्या दिवशी उभ्या चिरा पडल्या, आणि आता आंबूस वासही येतो. पूर्वी घरोघरी अशा टोपल्या व्हायच्या, मग आमचीच का बिघडली? — एक वाचक, चिपळूण

चिरांचं कारण पातेलं. लगदा वाळताना आकसतो. उपड्या पातेल्यावर थापलेला लगदा आकसून पातेल्याला आवळतो, पातेलं काही लहान होत नाही, मग लगद्याला चिरण्यावाचून गत्यंतर नसतं. पूर्वी बायका पातेल्यावर थापत, पण लगदा जरा आवळला की अर्धवट ओला असतानाच उतरवत. तो क्षण ओळखायला सवय लागते. पहिल्यांदा करणाऱ्याने लगदा भांड्याच्या आतून थापावा. मग तो आकसताना भांड्यापासून आपोआप सुटतो.

एक फूट व्यासाच्या टोपलीला अर्धा किलो कोरडी वर्तमानपत्रं आणि १०० ग्रॅम मेथी लागते. मासिकांचे चकचकीत कागद घेऊ नका. त्यांच्यावर मातीचा लेप असतो, लगदा एकजीव होत नाही. कागद हाताने फाडून दोन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. मेथी वेगळी रात्रभर भिजवून बारीक वाटा. वाटल्यावर ती बुळबुळीत होते. तोच तिचा डिंक. तिच्या कडूपणामुळे किडाही कमी लागतो. कागद मिक्सरच्या जुन्या भांड्यात फिरवा. एक मूठ कागद, भरपूर पाणी, भांडं निम्मंच भरलेलं, आणि एका वेळी दहा-पंधरा सेकंद. त्याहून जास्त चालवलं तर मोटर तापते. मग फडक्यात पिळून मेथीत मळा. भाकरीच्या पिठाइतका घट्ट हवा. लाडू वळून दाबून बघा. कडा फाटल्या तर मेथी कमी आहे, बोटांतून पाणी आलं तर अजून पिळा.

भांड्याला आतून ओलं फडकं लावा आणि तळापासून वर थापत या. जाडी सगळीकडे सहा-सात मिलिमीटर. तळाला जाड आणि कडेला पातळ झालं की कड आधी वाळते, तळ ओला राहतो आणि तिथूनच वास सुरू होतो. तुमच्या टोपलीचं बहुतेक हेच झालं आहे. पहिला दिवस सावलीत, पंख्याखाली. कड भांड्यापासून सुटली की फडक्यासकट उचला, जाळीवर उपडी ठेवा, आणि मग कोवळ्या उन्हात न्या. कोरड्या हवेत चार-पाच दिवस लागतात. वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन दिवस लागोपाठ वजन करा, आकडा तोच आला म्हणजे वाळली. कोकणात हे काम थंडी सुरू झाल्यावर, डिसेंबरनंतर घ्या. दमट दिवसांत लगदा वाळण्याआधी बुरशी धरतो.

आत्ताची टोपली वाचवायला जाऊ नका. वरवर ठिपके असते तर ऊन दाखवून ब्रश मारता आला असता, पण आंबूस वास आतून येतोय. ती चुरून झाडांच्या खतात घाला. नवी टोपली कांदे-लसूण, विणकाम, खेळणी यांना चालेल. फुटाणे, पोळ्या किंवा पीठ तिच्यात ठेवू नका, कारण छपाईची शाई लगद्यातच राहते. अन्न वर्तमानपत्रात बांधू नये, अशी सूचना देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०१६ मध्ये दिली होती.

सोसायटीतल्या मुलांबरोबर जुन्या लग्नपत्रिकांचे आकाशकंदील केले. दोन दिवसांत निम्मे सुटले, काही एका बाजूला कलले. यंदा वीस करायचे आहेत. — एक वाचक, नाशिक

पत्रिकेचा कोपरा फाडून बघा. फाटताना पातळ पारदर्शक पापुद्रा ओढला गेला तर तिच्यावर प्लॅस्टिकचं आवरण आहे. त्यावर फेव्हिकॉल वाळतो, पण धरत नाही. दिवाळीच्या रात्री दव पडलं की सुटतो. जिथे चिकटवायचं तेवढी पट्टी पॉलिशपेपरने घासून आवरण काढा. एका कंदिलात जाड आणि पातळ पत्रिका मिसळल्या की तो जाड बाजूकडे कलतो, म्हणून आधी सगळ्या पत्रिकांचे जाडीप्रमाणे गठ्ठे करा. हे काम लहान मुलं अगदी बरोबर करतात, चिमटीत धरून त्यांना लगेच कळतं.

बांबूच्या कामट्यांशिवाय, नुसत्या पत्रिकांचा पारंपरिक आकाराचा कंदील चांगला उभा राहतो. त्याला सहा चौकोन आणि आठ त्रिकोण लागतात. सगळ्यांची बाजू सारखी, बारा सेंटिमीटर धरा. त्रिकोणाची उंची मग १०.४ सेंटिमीटर येते. या आकारात चोवीस कडा असतात आणि प्रत्येक कडेवर एक चौकोन आणि एक त्रिकोण भेटतो. त्यामुळे चिकटवायच्या पट्ट्या फक्त त्रिकोणांना ठेवायच्या, तिन्ही बाजूंना एक-एक सेंटिमीटर. आठ त्रिक चोवीस, हिशेब तंतोतंत जुळतो. सहावी-सातवीच्या मुलांना हे आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या.

चौकोनांत दीड सेंटिमीटरची चौकट ठेवून मधली नऊ सेंटिमीटरची खिडकी मोठ्यांनी कटरने कापावी. चार खिडक्यांना आतून पतंगाचा कागद लावा. वरची आणि खालची खिडकी उघडीच राहू दे. एकीतून दिवा आत जातो, दुसरीतून ऊब बाहेर. घडीच्या रेघेवर संपलेली रिफिल पट्टीने दाबून ओढा. रेघ न मारता दुमडलं तर सोनेरी छपाई तडकते आणि घडी वाकडी येते. मग वरच्या चौकोनाच्या चार बाजूंना चार त्रिकोण लावा. त्यांच्या मधल्या फटींत चार चौकोन बसवा. ते टोकावर उभे राहतात, ते तसेच हवेत. मग खालचे चार त्रिकोण आणि शेवटी खालचा चौकोन. प्रत्येक जोडाला कपड्यांचे चिमटे लावून पंधरा मिनिटं थांबा. घाई केली तर शेवटच्या चौकोनाला फट राहते. तयार कंदील चौकोनापासून चौकोनापर्यंत सतरा सेंटिमीटर भरतो.

वीस कंदिलांना दोनशे ऐंशी तुकडे लागतील. प्रत्येक तुकडा मोजून आखला तर मिलिमीटरची चूक चोवीस कडांवर साठत जाते. डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणाचे दोन फर्मे कापा, एक चौकोनाचा आणि एक पट्ट्यांसकट त्रिकोणाचा. सगळ्यांनी त्याच दोन फर्म्यांवरून आखायचं.

खळ वापरणार असाल तर एक वाटी मैद्याला चार वाट्या पाणी; थंड पाण्यातच कालवा, मग मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा. बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकतात. ते विषारी आहे, मुलांच्या कामात नकोच. त्यापेक्षा खळ तीन दिवसांत संपेल एवढीच करा. झिरमिळ्यांना जुन्या साडीचे काठ किंवा पातळ कागद घ्या आणि चारही कोपऱ्यांना सारख्या वजनाच्या लावा.

दिवा एलईडीच, तीन ते पाच वॅटचा. होल्डर कागदाला टेकता कामा नये, आणि कंदिलाचा भार वायरवर नको. वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांतून दोरी ओवून कंदील त्या दोरीने टांगा, वायर सैल ठेवा. वळचणीखाली लावा, कारण दिवाळीतही अवेळी सर येते.

माठ आता पाणी गार करत नाही. तो कुंडीत पुरून ठिबकसारखा वापरायचा असं मुलाने शाळेत ऐकलं. पुरला, पण पाणी आहे तसंच राहतं. — एक वाचक, लातूर

माठ पाणी गार करतो तो झिरपून, आणि पुरल्यावर झाडाला पाणी देतो तेही झिरपूनच. ज्या कारणाने तो गार करायचा थांबला, त्याच कारणाने तो झाडाला पाणी देत नाही. तुमच्याकडच्या जड पाण्यातल्या क्षारांनी त्याची भोकं बुजली आहेत.

माठ बाहेर काढा. आतून-बाहेरून काथ्याने किंवा जाड ब्रशने घासा, साबण लावू नका, तो भोकांत शिरून बसतो. चार लिटर पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून माठात भरा आणि रात्रभर ठेवा. पांढऱ्या थरावर बुडबुडे दिसले म्हणजे काम होतंय. दुसऱ्या दिवशी दोन-तीनदा धुऊन वाळवा. मग पाणी भरून कोरड्या फरशीवर ठेवा. दोन-तीन तासांत बाहेरून ओल दिसली तर माठ कामाचा. नाही दिसली तर आणखी एकदा करा. तरीही कोरडाच राहिला तर तो बाहेरून रंग दिलेला किंवा चकाकी चढवलेला असेल. त्यात झाड लावा.

पुरताना तोंड मातीच्या वर दोन बोटं राहू दे आणि झाकण घट्ट ठेवा, नाहीतर डास अंडी घालतात. रोपं माठापासून वीतभर अंतराच्या आत हवीत. माठाभोवतीची माती पहिल्या दिवशी वरून भिजवा, कोरड्या मातीत ओल पसरायला फार वेळ लागतो. पालेभाज्या, मिरची, वांगी यांना हे चांगलं लागू पडतं. पाणी किती दिवसांत उतरतं ते मुलाला काठीवर खुणा करून मोजायला सांगा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर वेगवेगळं.

बाटल्या आडव्या कापून गॅलरीत पुदिना लावला. मुळं हिरवी पडून रोपं मेली. — एक वाचक, ठाणे

पारदर्शक बाटलीत मुळांना उजेड लागतो, शेवाळ धरतं आणि माती तापते. बाहेरून रंग द्या किंवा जुनं कापड गुंडाळा. तळाला पाच मिलिमीटरची चार-पाच भोकं गरम दाभणाने पाडा, आणि गॅलरीच्या दाराशी नको, मोकळ्या हवेत पाडा. खालच्या थाळीतलं पाणी आठवड्याच्या आत ओतून टाका, डेंग्यूच्या डासाला तेवढ्यात वाढता येतं.

जुन्या जीन्सची पिशवी शिवताना शिवणींच्या जोडावर सुई मोडते. घरचं साधं मशीन आहे. — एक वाचक, पुणे

सुई १६ नंबरची, जीन्ससाठीची लावा आणि टाका साडेतीन मिलिमीटरचा ठेवा. जाड जोडावर मशीनचा कापड दाबणारा पाय पुढून वर उचलला जातो, तिरका होतो, कापड सरकत नाही आणि सुई वाकून खालच्या पत्र्यावर आपटते. जोडाजवळ आलात की थांबा, सुई कापडात खाली ठेवा, पाय उचला, आणि त्याच्या मागच्या बाजूखाली जीन्सचाच दुमडलेला तुकडा सरकवा. पाय सपाट झाला की तो जोड पायडल न वापरता चाक हाताने फिरवून पार करा. त्याआधी जोडावर कापड टाकून हातोडीने दोन-तीन ठोके द्या, जाडी बरीच दबते. पट्ट्यासाठी जीन्सच्या पायावरची दुहेरी शिवण आखून कापा. ती आधीच मजबूत असते, तिथे तुम्हाला नव्याने काही शिवावं लागत नाही.